शंख, शाळिग्राम आणि दख्खनच्या लाव्हाचे वय

नागपूरच्या आसपास दख्खनच्या काळ्या कातळाची पूर्वेकडची कड लागते. इथे लाव्हाचा एक थर आणि त्यावरचा दुसरा थर यांच्यामध्ये काही ठिकाणी पांढुरक्या किंवा फिकट राखाडी दगडाची पट्टी सापडते, आणि तिचा तुकडा हातात घेऊन पाहिला तर त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख दिसतात. शंखाचे मूळचे चुनखडी कवच बहुतेक ठिकाणी उरलेले नसते. त्याच्या जागी गारगोटीच्या जातीची सिलिका बसलेली असते, पण शंखाचे वेढे, टोक आणि तोंडाची कड इतकी स्वच्छ उमटलेली असते की तळ्याकाठी उचललेल्या शंखाशी ती ताडून पाहता येते. लाव्हाचा एक लोट थंड झाला, त्याच्या खोलगट भागांत पाणी साचले, तळी झाली, तळ्यांत गाळ आणि जीव आले, आणि मग पुढच्या लोटाने ते सगळे झाकून टाकले, असा या पट्ट्यांचा इतिहास आहे. भूशास्त्रात त्यांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात, कारण दख्खनच्या लाव्हाला ट्रॅप असे नाव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपुरात राहणाऱ्या स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी टाकळी आणि आसपासच्या टेकड्यांवरून असे शंख, फळे, बिया आणि लाकडाचे तुकडे गोळा केले, आणि १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. हिस्लॉप हे नाव नागपूरकरांना कॉलेजमुळे ठाऊक असते. पण महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या कातळावर उभा आहे त्याचे वय काय, हा प्रश्न जीवाश्मांच्या आधारे पद्धतशीरपणे विचारणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी ते एक होते, हे सहसा सांगितले जात नाही. हे शंख इओसीन काळातले असावेत, असे त्यांचे उत्तर होते. इओसीन काळ सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. आज या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. म्हणजे उत्तर निदान एक कोटी वर्षांनी चुकले होते. चूक निष्काळजीपणाची मुळीच नव्हती. जीवाश्मांवरून वय काढण्याची पद्धत बरोबर होती. हाती आलेले जीवाश्म त्या कामाचे नव्हते. ही पद्धत कशी चालते आणि कुठे फसते, हे समजून घ्यायला म्हणूनच दख्खनचे उदाहरण फार उपयोगी पडते.

गाळाच्या खडकांचा पहिला नियम अगदी साधा आहे. पाण्याच्या तळाशी गाळ थरावर थर साचत जातो, म्हणून थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा थर जुना आणि वरचा नवा. निकोलस स्टेनो याने हा नियम १६६९ साली स्पष्ट मांडला. पण या नियमाचा पल्ला एका कड्यापुरता किंवा एका खाणीपुरताच असतो. शंभर किलोमीटरवर दुसरा कडा आहे, मधला सगळा भाग मातीखाली किंवा समुद्राखाली गेला आहे. तर इथला कोणता थर तिथल्या कोणत्या थराच्या वेळी साचला, हे नुसत्या वर-खालीवरून सांगता येत नाही. या जुळणीलाच सहसंबंध लावणे म्हणतात, आणि खरे अवघड काम तेच आहे.

दगडाचा रंग आणि पोत पाहून थर जुळवावेत असे कोणालाही सहज वाटेल. पण तो मार्ग फसवा आहे. आजच्याच दिवसाचा विचार करावा: कोकणच्या किनाऱ्यावर वाळू साचते आहे, खाडीत काळा चिखल साचतो आहे, आणि लक्षद्वीपजवळ प्रवाळांचा चुना साचतो आहे. काही कोटी वर्षांनी यांचे वालुकाश्म, पंकाश्म आणि चुनखडक असे तीन निरनिराळे खडक होतील, आणि तिघांचे वय मात्र एकच असेल. याच्या उलट, दहा कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म आणि वीस कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना फरक कळेलच असे नाही. थर कुठे साचला हे दगडावरून कळते. तो केव्हा साचला याचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो.

तो पुरावा जीवाश्मांत आहे हे विल्यम स्मिथ या इंग्रज भूमापकाच्या लक्षात आले. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात कोळशाच्या वाहतुकीसाठी कालवा खोदला जात होता आणि त्याच्या मोजणीचे काम स्मिथकडे होते. खोदाई पुढे सरकली तसे थर एकामागून एक उघडे पडत गेले, आणि त्याला दिसले की दिसायला सारख्या असलेल्या दोन थरांतही जीवाश्म वेगवेगळे असतात, आणि त्यांचा खालून वर जाणारा क्रम जिथे पाहावा तिथे तोच असतो. १७९९ साली बाथमध्ये जोसेफ टाउनसेंड यांच्या घरी त्याने त्या भागातल्या २३ थरांची, त्यांतल्या ठळक जीवाश्मांसह, यादी सांगून लिहवून घेतली. पुढे १८१५ साली याच ज्ञानावर त्याने इंग्लंड आणि वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. दुसऱ्याच्या संग्रहातले जीवाश्म पाहून ते कोणत्या थरातून आले असावेत हे तो सांगू शकत असे, आणि माझ्या मते ही गोष्ट नकाशाहूनही महत्त्वाची आहे, कारण कोणत्याही पद्धतीची परीक्षा तिने आधी न पाहिलेल्या वस्तूवर होते.

इथे एका आक्षेपाचे उत्तर द्यायला हवे, कारण तो वारंवार घेतला जातो. खडकाचे वय जीवाश्मावरून ठरवायचे आणि जीवाश्माचे वय खडकावरून, हे तर वर्तुळात फिरणे झाले, असे काही जण म्हणतात. तसे होत नाही. जीवाश्मांचा क्रम आधी थरांच्या वर-खालीवरून ठरला, तोही शेकडो ठिकाणी, स्वतंत्रपणे, उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडला जाण्याच्या कितीतरी आधी. स्मिथला प्राणी का बदलतात हे ठाऊक नव्हते, आणि त्याच्या कामाला ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. क्रम एकदा पक्का झाल्यावर तो नव्या जागी वापरला जातो, आणि नव्या जागी थरांचा वर-खाली क्रम त्याच्याशी जुळतो की नाही हे दर वेळी तपासता येते. नामशेष झालेली जाती पुन्हा अवतरत नाही, या एका वस्तुस्थितीमुळे हा क्रम एकाच दिशेने चालतो. वाळूचा थर पुन्हा पुन्हा येऊ शकतो. नामशेष जाती परत येत नाही.

घरातल्या जुन्या पेटीत कोणती नाणी आहेत यावरून ती पेटी केव्हाची हे आपण ओळखतो, त्यातले तर्कशास्त्र थेट इथले आहे. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळात पडला, आणि 'नया पैसा' असे अक्षर असलेली नाणी १९५७ ते १९६४ या काळात. पेटीत नया पैसा असेल तर ती १९५७ च्या आधी बंद झालेली नाही, हे निश्चित. भोकाचा पैसा असेल तर मात्र तेवढ्यावरून ती १९४७ ची ठरत नाही, कारण जुने नाणे नव्या पेटीत राहू शकते; नवे नाणे जुन्या, बंद पेटीत जाऊ शकत नाही. थरांतही हेच घडते. जुन्या खडकातून धुपून निघालेला जीवाश्म नव्या गाळात जाऊन बसतो, आणि अभ्यासकाने त्याच्या कडा झिजल्या आहेत का, त्याच्या पोकळीत वेगळ्या रंगाचा गाळ आहे का, हे पाहिले नाही तर थराचे वय खरे असते त्याहून जुने ठरते. म्हणूनच एका जीवाश्मावर निकाल दिला जात नाही. एका जातीचा काळ आणि दुसरीचा काळ जिथे एकमेकांवर येतात तो लहान तुकडा शोधायचा, त्यात तिसरीचा काळ घालून तो आणखी आवळायचा, अशी रीत आहे.

वेळ सांगायला सगळे जीव सारखे उपयोगी नसतात. उपयोगी जीव चार बाबतींत उतरावा लागतो: त्याची जाती थोडा काळ टिकलेली असावी, त्या थोड्या काळात ती दूरवर पसरलेली असावी, संख्येने भरपूर असावी, आणि ती ओळखताना दोन तज्ज्ञांचे दुमत होऊ नये. शिवाय तो पाण्यात तरंगणारा किंवा पोहणारा असेल तर फारच चांगले, कारण मग तळाशी वाळू असो, चिखल असो की चुना, त्याचे कवच सगळीकडे पडते. अशा जीवाश्माला सूचक जीवाश्म म्हणतात.

यातला एक सूचक जीवाश्म अनेक मराठी घरांच्या देवघरात आहे. नेपाळमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून येणारा चक्रांकित शाळिग्राम हा ॲमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचा ठसा असतो. हिमालय उभा राहण्याआधी तिथे जो समुद्र होता, त्याच्या काळ्या चिखलात ही कवचे पुरली गेली, त्यांच्याभोवती खनिजांचा टणक गोळा जमला, आणि नदीने ते गोळे बाहेर काढून गुळगुळीत केले. शाळिग्रामावरचे चक्र नीट पाहिले तर वेढ्यांवर बाहेरच्या कडेकडे जाणाऱ्या बारीक बरगड्या दिसतात, आणि काही बरगड्या अर्ध्या वाटेवर दुभंगलेल्या असतात. हे दुभंगणे कुठे होते, वेढे एकमेकांना किती झाकतात, आतल्या कप्प्यांच्या भिंती कवचाला जिथे मिळतात तिथे कशी वेलबुट्टीसारखी रेघ उमटते, यावरून ॲमोनाइटच्या जाती ओळखल्या जातात. या प्राण्यांत जाती झपाट्याने बदलत गेल्या, आणि ते समुद्रातून दूरवर पसरले. जुरासिक काळ सुमारे ५.६ कोटी वर्षे चालला. वायव्य युरोपात ॲमोनाइटच्या आधारे त्याचे पाऊणशेच्या आसपास विभाग पाडले आहेत. म्हणजे एक विभाग सरासरीने सात-आठ लाख वर्षांचा पडतो. पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या काळाबद्दल बोलताना ही अचूकता थोडी नाही.

हे विभाग पाडण्याची शिस्त आल्बर्ट ओपेल या तरुण जर्मन अभ्यासकाने घालून दिली. १८५६ ते १८५८ या काळात प्रसिद्ध झालेल्या कामात त्याने दगडाची जात बाजूला ठेवली, प्रत्येक जाती कोणत्या थरात पहिल्यांदा दिसते आणि कोणत्या थरानंतर दिसेनाशी होते याची ठिकाणागणिक नोंद केली, आणि त्या नोंदींवरून जुरासिकचे ३३ विभाग केले. म्युनिकच्या त्याच परंपरेत तयार झालेला विल्हेल्म वागेन पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आला, आणि कच्छच्या ॲमोनाइटवरचे त्याचे काम १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाले. ते काम उभे राहिले फर्डिनांड स्टोलिच्का याने कच्छमध्ये हिंडून केलेल्या संग्रहावर आणि नोंदींवर. स्टोलिच्का १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये वारला. पण कोणता जीवाश्म कोणत्या थरातला हे त्याने लिहून ठेवले होते, म्हणून त्याचा संग्रह कामाला आला. थराची नोंद नसलेला जीवाश्म कितीही देखणा असला तरी या विद्येत त्याची किंमत फार थोडी असते.

कच्छच्या थरांत युरोपातल्या ओळखीचे ॲमोनाइट सापडले आणि हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन प्रदेशांतले थर जुळले, हे या पद्धतीचे मोठे यश होते. पण याच कच्छने तिच्या मर्यादाही दाखवल्या. तिथल्या ढोसा ऊलाइट या लोहयुक्त बारीक गोट्यांच्या थरात मायाइटिस नावाचे ॲमोनाइट विपुल आहेत, आणि ते वायव्य युरोपात नाहीत. ते हिंदी महासागराभोवतीच्या प्रदेशांचे रहिवासी होते. तेव्हा त्यांच्या बरोबर त्याच थरात सापडणारे, युरोपातही असणारे पेरिस्फिंक्टिस सारखे सोबती शोधून पूल बांधावा लागतो. याहून सूक्ष्म अडचण मॅक्रोसेफॅलाइटिस या गोलसर, फुगीर ॲमोनाइटची आहे. युरोपात तो जुरासिकमधल्या ज्या काळाच्या सुरुवातीला दिसू लागतो त्याला कॅलोव्हियन म्हणतात. साहजिकच कच्छमध्ये तो दिसला की थर कॅलोव्हियन, असे धरले गेले. पुढे बारकाईने अभ्यास झाल्यावर कळले की कच्छच्या समुद्रात तो त्याच्या आधीच, बॅथोनियन काळाच्या अखेरीला, आलेला होता. एखादा प्राणी एका समुद्रातून दुसऱ्यात पोहोचायला वेळ घेतो, तेव्हा त्याचे पहिले दर्शन दोन्हीकडे एकाच वेळचे असतेच असे नाही.

हा धोका थॉमस हक्स्ली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६२ सालीच बोलून दाखवला होता. दोन प्रदेशांतल्या थरांत जीवाश्मांचा क्रम सारखा असणे आणि ते थर एकाच वेळी साचलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा देऊन पहिल्या गोष्टीसाठी त्याने वेगळा शब्दही बनवला. त्याने भीती जरा जास्तच व्यक्त केली होती, असे आता म्हणता येते. सागरी जीवांना पसरायला लागलेला काळ बहुतेक वेळा विभागाच्या लांबीपेक्षा कमी भरतो. तरीही बहुतेक वेळा आणि नेहमी यांतला फरक हक्स्लीने लक्षात आणून दिला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक काळजीपूर्वक अभ्यासाने तो पाळला आहे.

ढोसा ऊलाइटच्या माथ्यावरचा थर आणखी एक गोष्ट शिकवतो. तिथे थोड्याशा जाडीत निरनिराळ्या विभागांचे ॲमोनाइट एकत्र सापडतात. कारण तिथे फार दीर्घ काळ गाळ जवळजवळ साचलाच नाही. कवचे तळावर पडून राहिली, उघडी पडली, पुन्हा झाकली गेली, आणि लाखो वर्षांचा हिशेब हातभर जाडीत कोंबला गेला. जाडीवरून काळ मोजू नये, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचण्यापेक्षा अशा थरात लवकर समजते.

आता नागपूरच्या शंखांकडे परत येऊ. हिस्लॉप आणि हंटर यांना सापडलेला सर्वांत ठळक शंख फायसा प्रिन्सेपी या जातीचा. तिचे नामकरण त्याआधीच, १८४० साली झाले होते. वर सांगितलेल्या चार कसोट्या त्याला लावून पाहाव्यात. संख्येने तो भरपूर आहे. पण गोड्या पाण्यातली गोगलगाय एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात सहज जात नाही, मग समुद्रापार जाणे दूरच. त्यामुळे युरोपातल्या ज्या थरांचे वय ठाऊक होते त्यांत हीच जाती सापडण्याची आशा नव्हती. उरला तो साम्याचा आधार. गोगलगाईंचे शंख कोट्यवधी वर्षांत फारसे पालटत नाहीत, आजच्या प्रजातींशीही त्यांचे साम्य दिसते, आणि साम्य दिसले की वय नवे असावे असे वाटू लागते. घड्याळ होते, पण त्याला मिनिटकाटा नव्हता, आणि तासकाटाही फार सावकाश फिरत होता.

वनस्पतींनी गुंता वाढवला. १९३४ साली वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी दख्खनचा लाव्हा क्रिटेशस काळातला की त्यानंतरच्या टर्शरी काळातला, असा प्रश्न थेट मांडला, आणि त्यांचा कल टर्शरीकडे होता. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलाँ इथल्या अंतरा-ट्रॅपी थरात खाडीकाठच्या निपा ताडाच्या फळांचे जीवाश्म सापडले होते. तशीच फळे लंडनजवळच्या इओसीन चिकणमातीत विपुल आहेत, आणि इओसीन हा टर्शरीचाच एक भाग आहे. इतर ताडवृक्षांचे अवशेषही होते. युक्तिवाद वजनदार होता. दुसऱ्या बाजूला लाव्हाच्या खालच्या लामेटा थरांत डायनोसॉरची हाडे होती, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा आणि डोंगरगाव इथेही आहेत. पुढे कच्छमधल्या अंजार इथे दोन लाव्हांच्या मधल्या थरातही डायनोसॉरची हाडे आणि अंड्यांची कवचे मिळाली. डायनोसॉर क्रिटेशसच्या शेवटी संपले, म्हणजे निदान काही लाव्हा त्यांच्या हयातीत वाहत होता. ताड म्हणत होते टर्शरी, डायनोसॉर म्हणत होते क्रिटेशस, आणि दोन्हीकडचे पुरावे अस्सल होते.

निकाल लावायला सागरी जीव हवे होते, आणि लाव्हा तर जमिनीवर पसरलेला. सुदैवाने काही लोट पूर्वेकडे जुन्या नदीखोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराच्या तेव्हाच्या किनाऱ्याला पोहोचले होते. गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळच्या खाणींत हा लाव्हा आजही दिसतो, आणि त्याच्या दोन थरांमधला गाळ खाडीचा आणि उथळ समुद्राचा आहे. या गाळात फोरॅमिनीफेरा सापडतात. हे एकपेशीय जीव आहेत. त्यांतले काही समुद्राच्या पृष्ठभागी तरंगतात, चुन्याचे कप्प्याकप्प्यांचे कवच करतात, आणि मेल्यावर ते कवच तळाशी पडते. आकार वाळूच्या कणाएवढा किंवा त्याहून लहान, पसारा महासागरभर, जाती झपाट्याने बदलणाऱ्या, संख्या अगणित. चारही कसोट्यांना ते उतरतात.

त्यांचा अभ्यास कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. खाणीच्या भिंतीवर खालून वर ठरावीक अंतराने नमुने घेतात आणि प्रत्येक पिशवीवर थराची जागा लिहितात. प्रयोगशाळेत ढेकूळ पाण्यात, गरजेनुसार थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, भिजत ठेवतात. चिकणमाती सुटली की अतिशय बारीक जाळीच्या चाळणीवर पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतात. चिखल वाहून जातो आणि चाळणीवर चिमूटभर पांढुरकी भुकटी राहते. ती वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात, आणि पाण्यात टेकवलेल्या एक-दोन केसांच्या कुंचल्याने एकेक कवच उचलून खणांच्या पट्टीवर ठेवतात. चाळणीची जाळी किती बारीक घ्यायची, यावर इथे सगळा निकाल अवलंबून होता. क्रिटेशसच्या अखेरचे ग्लोबोट्रंकाना गटातले फोरॅमिनीफेरा मोठे, कडेला उभी धार असलेले, नक्षीदार असतात. क्रिटेशस संपताना हा गट नाहीसा झाला, आणि त्यानंतरच्या डेनियन काळाच्या, म्हणजे टर्शरीच्या पहिल्या भागाच्या, प्रारंभीच्या जाती अगदी चिमुकल्या आहेत. त्या नेहमीच्या जाड चाळणीतून पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून या अभ्यासात मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतकी बारीक छिद्रे असलेली चाळणीही वापरतात.

राजमहेंद्रीच्या दोन लाव्हांमधल्या गाळात प्रारंभीच्या डेनियनचे हे चिमुकले फोरॅमिनीफेरा असल्याचे गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय व युरोपीय सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. या काळाची खूण म्हणून जी जाती जगभर वापरली जाते तिच्या नावातले 'युगुबिना' हे पद इटलीतल्या गुब्बिओ गावाच्या प्राचीन नावावरून आले आहे. मध्य इटलीतल्या चुनखडकातून १९६४ साली तिचे वर्णन झाले. तिचा मुक्काम जगात फार थोडा, दोन-तीन लाख वर्षांच्या घरातला. इटलीतल्या डोंगरातला चुनखडक, ट्युनिशियातली चिकणमाती आणि गोदावरीकाठच्या खाणीतला चिखल एकाच वेळचे आहेत हे अशा धुळीएवढ्या कवचांवरून सांगता येते, याचे मला अजूनही नवल वाटते.

ओएनजीसीने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खणलेल्या खोल विहिरींतही लाव्हाचे थर लागले, आणि त्यांच्या खाली व मध्ये क्रिटेशसच्या अगदी अखेरचे तर वर डेनियनचे फोरॅमिनीफेरा मिळाले. तेलाच्या शोधात हे सूक्ष्म जीव नेहमीच कामाला येतात. ड्रिलच्या पात्याखाली मोठ्या शंखाचा चुरा होतो, फोरॅमिनीफेरा मात्र अखंड वर येतात. मुंबई हायच्या मायोसीन चुनखडकासारख्या साठ्यांच्या थरांची वये अशाच जीवाश्मांवरून लावली जातात. विहिरीत नाण्यांचा नियम उलटतो, कारण वरच्या भिंतीतले नवे कण ढासळून खालच्या नमुन्यात मिसळतात. म्हणून तिथे एखादी जाती पहिल्यांदा कुठे अवतरली यापेक्षा ती शेवटची कुठे होती, म्हणजे खाली जाताना ती प्रथम कोणत्या खोलीवर भेटते, यावर अधिक भर देतात.

जीवाश्मांनी आतापर्यंत जे सांगितले ते आधी-नंतरचे होते. त्यात वर्षांचा आकडा नव्हता. आकडा किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून येतो, आणि तो ज्वालामुखीजन्य खडकांत मोजता येतो. या बाबतीत दख्खनसारखी सोय थोड्या ठिकाणी आहे, कारण इथे गाळाच्या खाली आणि वर लाव्हाच आहे. शिवाय सह्याद्रीच्या घाटांत कातळाच्या थरांमध्ये ज्या लाल मातीच्या पट्ट्या दिसतात त्यांतल्या काहींत ज्वालामुखीच्या राखेबरोबर पडलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक मिळाले, आणि २०१५ सालापासून त्यांतल्या युरेनियम व त्याच्या क्षयातून बनलेल्या शिशाच्या प्रमाणावरून वये प्रसिद्ध होत आहेत. लाव्हाचा मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला आणि क्रिटेशसचा अंत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच अवधीत येतो, असे ती सांगतात. फोरॅमिनीफेरांनी लावलेला क्रम आणि स्फटिकांनी दिलेले आकडे या मुख्य मुद्द्यावर एकमेकांना दुजोरा देतात.

यामुळे साहनींच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले. क्रिटेशस की टर्शरी, असे विचारताना सगळे अंतरा-ट्रॅपी थर एकाच वयाचे धरले गेले होते, कारण त्यांचे नाव एक होते आणि दिसायलाही ते एकसारखे होते. प्रत्यक्षात उद्रेक क्रिटेशसमध्ये सुरू झाला आणि ती सीमा ओलांडून पुढे चालू राहिला, तेव्हा काही थर एका बाजूचे आहेत आणि काही दुसऱ्या. अंजारच्या थरात डायनोसॉर आहेत. मोहगाव कलाँ ज्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातल्या झिलमिली इथल्या थरात, गोड्या पाण्यातल्या जीवांच्या सोबत, प्रारंभीच्या डेनियनचे तरंगते फोरॅमिनीफेरा २००९ साली नोंदवले गेले. समुद्राचा फाटा इतक्या आत कोणत्या वाटेने आला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण तो थर सीमेनंतरचा आहे हे ती कवचे सांगतात. ज्या थरांत फक्त तळ्यातले शंख आहेत, त्यांचे वय वरखालच्या लाव्हात तो थिजताना उमटलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेवरून, परागकणांवरून आणि जवळच्या थरांच्या जुळणीवरून एकेक करून लावावे लागते. टाकळीचे शंखही त्याच रांगेतले आहेत.